मोठ्या सिस्टर

नाडी बघण्याआधी मोठ्या सिस्टर दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या. नगरच्या दवाखान्यात मी नवी होते, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं. "गार हात लागला की दचकतं गं माणूस. आधीच भ्यालेलं असतं."

पुढं वॉर्डातल्या दोघी नर्स नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. सगळा वॉर्ड मोठ्या सिस्टरांवर आला. इंजेक्शन वेळेवर, सलाईन वेळेवर, चूक म्हणून नाही. त्या वर्षी उत्कृष्ट परिचारिका म्हणून त्यांचा सत्कार झाला. हात चोळणं मात्र केव्हाच थांबलं होतं.

एका दुपारी पाथर्डीकडची एक म्हातारी गेली. त्यांनीच तिचे डोळे मिटले. प्रेत हलवलं, चादर बदलली आणि त्या खाटेवर स्वतःच आडव्या झाल्या.

"मलाच ॲडमिट करून घे गं," म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी पडदा ओढला, म्हटलं, "झोपा जरा."

"झोप न्हाई येत. रडूबी येत न्हाई. म्हातारी गेली अन् माझ्या मनात काय आलं? खाट रिकामी झाली. बस, एवढंच. मला माझीच भीती वाटती आता."

लवकरच त्यांनी राजीनामा दिला. नवरा कधीच वारला होता, मुलगी लांब. देवळाली प्रवरेत एक खोली घेऊन राहू लागल्या. दिवाळीनंतर मी भेटायला गेले. चहा होतोय तोवर शेजारीण दारात आली. "बाई, तुमी नगरला दवाखान्यात हुता म्हनं? जरा बीपी बघता का?"

"न्हाई हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी तिथं सैपाकाला होते."

शेजारीण गेली. "असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं सांगितलं की दारात रांग लागंल. अन् मला कुनाला न्हाई म्हणता येत न्हाई."

"मग बोलायला कोण येतं?"

"सैपाकवालीकडं कोण येतंय?" त्यांनी कप पुढं केला. "तू आलीस की."

स्टँडवर सोडायला आल्या. बसमध्ये चढताना माझा हात धरून म्हणाल्या, "परत ये. पण हितं मला सिस्टर म्हणून हाक मारू नको."

मग काय म्हणू, हे विचारायच्या आत बस सुटली.