सुभेदारांची खुर्ची

समोरच्या घरातले निवृत्त सुभेदार कधी गॅलरीत बसत नाहीत. त्यांची खुर्ची आत, खिडकीपासून आठ-दहा पावलं मागे सावलीत असते, आणि तीही रोज वेगळ्या जागी. लढाईत त्यांच्या नेमबाजीचं मोठं नाव झालं होतं. दिवसभर न हलता लपून राहायचं आणि एका गोळीत माणूस टिपायचा, हे त्यांचं काम. गावानं सत्कार केला तेव्हाही ते स्टेजवर खांबाआड बसले होते.

काल त्यांच्याकडे चहाला गेलो. त्यांच्या शेजारी बसलो, तर समोर माझी गॅलरी लख्ख दिसत होती.

"तुम्ही सव्वासातला येता," ते शांतपणे म्हणाले. "कप कठड्यावर ठेवता. मग चष्मा पुसता, तेव्हा मान खाली जाते."

मी माझ्या गॅलरीकडे पाहिलं.

"लढाईत समोरच्या खंदकात एक होता, तोही असाच. तीन दिवस पाहिला त्याला. दाढी झाली की आरसा सदऱ्याला पुसायचा. चौथ्या दिवशी तो आरसा पुसेपर्यंत थांबलो."

आपण जिला सवय म्हणतो, जिच्या जिवावर निर्धास्त जगतो, तीच लांबून पाहणाऱ्याला पुरते. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर इतकी वर्षं ते स्वतःच्याच घरात खिडकीपासून मागे सरकत आले आहेत.

आज सव्वासातला गॅलरीत आलो. समोर खिडकीत नुसता अंधार होता. खुर्ची भिंतीकडे ओढली, कप खाली ठेवला, चष्मा काढून हातात घेतला. मान काही खाली घालवेना.