वाघोलीतलं आवतण

रंगराव काटेखाये यांनी आयुष्यभर एसटी चालवली. सकाळी साकोली आगारातून निघायचं, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या गावी उतरवायचं आणि संध्याकाळी आपण आपल्या घरी, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीला. जगाला पोचवणाऱ्या या माणसाला म्हातारपणी स्वतःचंच गाव सोडावं लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण मुलगा आनंद पुण्यात नोकरीला. सून रुपाली हिला कंपनीने पुन्हा ऑफिसात बोलावून घेतलेलं. आणि सात वर्षांची नात सृष्टी शाळेतून आली की घरात दार उघडायलाही कुणी नाही. तेव्हा ज्येष्ठात लाखनीच्या घराला कुलूप लागलं आणि रंगराव आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई महाराष्ट्राच्या त्या टोकावरून या टोकाला, वाघोलीतल्या एका सोसायटीत, नवव्या मजल्यावर आणून ठेवले गेले. ‘आणून ठेवले’ हे रंगरावांचे शब्द. यमुनाबाई ‘राहायला आलो’ म्हणायच्या.

यमुनाबाईंचं सगळंच सोपं. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला त्या तळमजला येईपर्यंत सासर-माहेर विचारून मोकळ्या होत. पंधरवडा उलटायच्या आत त्यांना भजनाचं मंडळ मिळालं, गुडघ्याला लावायचं तेल मिळालं आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी ओळखही झाली. रंगरावांचं मात्र कुठे सूत जमेना. गेटवरचा रखवालदार रोज नव्याने विचारी, ‘कुणाकडे आलात?’ बागेतल्या बाकावर एका गृहस्थांशी त्यांनी हौसेने बोलणं काढलं, तर ते गृहस्थ वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, ‘भंडारा? अरे वा. म्हणजे महाराष्ट्रातच की!’ यावर हसायचं की रागवायचं हे रंगरावांना घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. घरीही ते सोफ्याच्या कडेला बसत. पाणी हवं असलं तरी मागून घेत. मुलाच्या घरात बापाने असं अवघडून बसावं याचं आनंदला वाईट वाटे, पण सांगणार कसं?

त्यांना खरा विसावा मिळाला तो सोसायटीच्या मागे. तिथे कुंपणाला लागून एक पत्र्याचं शेड होतं आणि शेडात बैलांची जोडी. पाखऱ्या आणि हरण्या. सोसायटी उभी होती ती जमीन एकेकाळी या बैलांच्या मालकाची, गेनबाची. जमीन गेली, पैसा आला, विक्रम नावाच्या मुलाने गाडी घेतली, बंगला बांधला. पण ओढ्याकडची एक पट्टी गेनबाने विकू दिली नाही आणि बैलही विकू दिले नाहीत. ‘ट्रॅक्टर काय, कुणाचंबी ऐकतो,’ असं म्हणायचा. बायको सरुबाई त्यावर म्हणायची, ‘आन् तुमी कुणाचंच ऐकत न्हाई.’

रंगराव रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहत. लहानपण बैलांच्या पाठीवर गेलेलं, नोकरीत असतानाही घरची जोडी होती. हरण्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवली की तो डोळे मिटून घ्यायचा. गेनबा लांबून बघायचा. ‘काय पाव्हणं, बसा की,’ एवढंच बोलायचा आणि आपल्या कामाला लागायचा. रंगरावांना ते ‘पाव्हणं’ टोचायचं. जो तो आपल्याला पाहुणाच समजतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

श्रावण संपत आला तसे ते हळवे झाले. त्यांच्याकडे पोळा म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. बैल तोरणाखाली उभे राहणार, सगळं गाव जमणार. आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत पोरं दारोदार नेतात आणि घरोघरच्या बायका नंदीची पूजा करून पोरांच्या हातावर खाऊ ठेवतात. आनंदचा लहानपणचा नंदी रंगरावांनी सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणला होता. एक शिंग मोडून चिकटवलेलं, चाकं अजून ठणठणीत.

‘मले पोळ्याले गावाकडे जायचं आहे,’ त्यांनी यमुनाबाईंना सांगितलं.

‘जा की,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘पण अजी, एक सांगा. एकदा गेले की वापस याल?’

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

‘मी नाही येणार,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘पोरगी शाळेतून येते तेव्हा दारात कोणीतरी पाहिजे. तुमचं तुम्ही ठरवा.’

लग्नानंतर इतक्या वर्षांत बायकोने असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. पोळा इथेच करून बघू, असं रंगरावांनी मनाशी ठरवलं. जमला तर राहू. नाहीच जमला, तर तिकीट काढू.

ते बसने मंडईला गेले. एका दुकानातून बेगड घेतली, रंग घेतला, लोकरीचे गोंडे घेतले. दुकानदार सामान बांधता बांधता म्हणाला, ‘फारच वेळेवर आलात, काका. घ्या, घ्या. हौस असावी तर अशी.’ पुणेरी बोलणं आता अंगवळणी पडलं होतं. रंगरावांनी तेही त्यातच जमा केलं आणि पुढे विचारलं नाही. तिथेच घोटाळा झाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते वाटीत लोणी-हळद घेऊन शेडात गेले. गेनबा बाजल्यावर तोंडावर टॉवेल घेऊन पडला होता. रंगरावांनी दोन्ही बैलांच्या खांद्यांना हळूहळू लोणी-हळद चोळली. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे हाताला लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग रीतीप्रमाणे हरण्याच्या आणि नंतर पाखऱ्याच्या कानाशी वाकून ते म्हणाले, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ त्यांच्याकडे पोळ्याचं हे आमंत्रण माणसाआधी बैलाला देतात.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर, टोपी, हातात पुरणपोळीचं ताट आणि बोटाला सृष्टी, असे रंगराव निघाले. शेडापाशी पोचले आणि जागीच थबकले. बैल ना धुतलेले, ना रंगवलेले. पायांना काल-परवाचा चिखल. आणि गेनबा त्यांच्या मानेवर जू ठेवत होता.

ताट सृष्टीच्या हातात देऊन रंगराव पुढे झाले. ‘हे काय करून राहिले तुम्ही?’

‘काय म्हंजी? पावसानं उघडीप दिलीया. तण माजलंय, कोळपणी उरकून घेतो.’

‘आज? पोळ्याच्या दिवशी जू? लाज नाही वाटत, भाऊ? बारा महिने राबतात ते तुमच्यासाठी, एक दिवस नाही देत तुम्ही त्याईले?’ आणि गेनबाला काही समजायच्या आत त्यांनी जू दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला जमिनीवर ठेवलं. एसटीत कंडक्टरशी कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस.

गेनबा आधी बघतच राहिला. मग त्याचाही पारा चढला. ‘अहो, तुमी कोण मला सांगणार? माझ्या दारात येऊन माझ्या बैलाचं जू काढता? कसला पोळा आन् काय!’

आरडाओरडा ऐकून सरुबाई हात पुसत बाहेर आली. ताट बघितलं, धोतर बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. ‘अवो दादा,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘आमच्याकडं आज नसतोय पोळा. आमचा भादव्यातल्या आवसेला. अजून महिना हाय.’

रंगरावांच्या डोक्यात हे शिरायला जरा वेळ लागला. पोळ्याची अमावास्या गावागणिक वेगळी असू शकते, ही गोष्ट सबंध हयातीत त्यांच्या कानावर आली नव्हती. कॅलेंडरवर तर ठळक ‘पोळा’ छापलेलं. मंडईतल्या दुकानदाराचं बोलणं आत्ता कुठे त्यांना उमगलं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, नातीसमोर, आपण एका भल्या माणसाची लाज काढली होती. त्यांनी हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि सृष्टीला घेऊन परत फिरले. पुरणपोळीचं ताट तसंच.

घरी येऊन त्यांनी आनंदला सांगितलं, ‘माझं तिकीट काढून ठेव. एकट्याचं.’ आनंदने आईकडे बघितलं. यमुनाबाई कढीला फोडणी देत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण जेवताना त्यांच्या पानातली पोळी तशीच राहिली. रात्री पाऊस आला तो सकाळपर्यंत कोसळत राहिला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रंगरावांना अंथरुणातून उठूही वाटत नव्हतं. सृष्टीने मात्र नंदीला सगळी बेगड संपवून मढवलं होतं. गोंडे शिंगांना बांधले होते, उरलेला एक स्वतःच्या वेणीला. ‘आबा, चला ना. तुम्ही म्हणाला होता, सगळ्यांकडे जायचं.’

ते गेले. पहिल्या दाराने ‘आम्ही काही मागवलेलं नाही’ असं आतूनच सांगितलं. दुसरं दार साखळीएवढं उघडलं. ‘वर्गणी का? ती कमिटीकडे देतो आम्ही.’ रंगरावांनी सांगायचा प्रयत्न केला की, वर्गणी नाही, नंदी आहे. ‘हो का? गोड आहे,’ म्हणून दार लागलं. तिसऱ्या दारी बेल वाजली आणि वाजून थांबली. नंदीची चाकं गुळगुळीत फरशीवर खडखडत राहिली. सृष्टीने दोरी सैल सोडली हे रंगरावांना दिसलं. स्वतःचा अपमान त्यांनी कालच गिळला होता. हा गिळवेना.

‘चल, खाली बागेत जाऊ,’ ते म्हणाले.

बागेतून शेड दिसत होतं. रंगरावांनी तिकडे पाठ केली. तोच कुंपणापलीकडून हाक आली, ‘ओ पाव्हणं!’

गेनबा उभा होता. रंगराव तिथे जाईनात. सृष्टी गेली, तेव्हा त्यांना जावंच लागलं.

शेडात बैल शांत बसून रवंथ करत होते. धुतलेले. जू कोपऱ्यात, काल रंगरावांनी ठेवलं होतं तिथेच, तसंच.

‘कोळपणी झाली का?’ काहीतरी बोलायचं म्हणून रंगरावांनी विचारलं.

‘न्हाई केली. आन् आता रानात पाय ठरत न्हाई एवढा पडलाय.’ गेनबाने तंबाखू मळली. ‘तुमी जू उतरवलंत पोळ्याच्या नावानं. मग मी परत कसं ठेवू? तुमचा का आमचा, ते बैलाला काय ठावं.’

तणात गेलेल्या त्या पट्टीकडे रंगरावांनी एकदा बघितलं. या माणसाला आपण ‘लाज नाही वाटत’ म्हणालो, हे त्यांना आठवलं आणि आपलीच लाज वाटली.

सरुबाईला तान्हा पोळा माहीत नव्हता, पण दाराशी आलेल्या बैलाचं काय करायचं ते पक्कं माहीत होतं. तिने तांब्या आणला, नंदीच्या चारही चाकांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि भाकरीचा गुळात मळलेला घास त्याच्या लाकडी तोंडाला टेकवला. मग तोच घास सृष्टीच्या हातावर ठेवला. ‘आमच्या दारावरून बैल उपाशी जात न्हाई, बाय.’ सृष्टीने आजोबांकडे असं बघितलं, जणू सगळी वाघोली तिच्या नंदीला ओवाळायला बाहेर आली होती.

रंगराव निघायला वळले तेव्हा गेनबा म्हणाला, ‘परवा तुमी बैलांच्या कानात बोललात. मी जागाच होतो.’

रंगराव ओशाळले. ‘आमच्याकडली रीत आहे, भाऊ.’

‘रीत चांगली हाय. पर बैलांना जेवायला बोलावलंत आन् ताट घेऊन माघारी गेलात.’ गेनबाने तंबाखू तोंडात टाकली. ‘आन् बैलांच्या मालकाला तर कुनी इचारलंच न्हाई.’

रंगराव या तीन महिन्यांत पहिल्यांदाच मोकळं हसले. पुढे होऊन, बैलाच्या कानाशी वाकावं तसे ते गेनबाच्या कानाशी वाकले. ‘आज आवतण घ्या,’ ते म्हणाले, आणि जरा थांबून, ‘आजच जेवाले या. वहिनीले घेऊन.’

‘कुनाकडं म्हणून सांगू गेटवर?’

‘काटेखायेंकडे,’ रंगराव म्हणाले. ‘नववा मजला.’

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. यमुनाबाईंनी उचलला. मागून आनंदचा आवाज येत होता, तिकीट कधीचं काढू, विचार म्हणून.

‘ते राहू दे,’ रंगराव म्हणाले. ‘तू कणीक भिजव. आपल्या घरी पाहुणे येऊन राहिले.’