धारूरातल्या बाईची खोली

चुना दळायची घाणी फिरती तवर गवंड्याला काम न्हाई. म्हणून आमच्यात चुन्याच्या आधी गोष्टींचाच ढीग लागतो. त्यातल्या निम्म्या घरांच्या, आन् त्या सांगताना मला अजूनबी धास्ती वाटती.

*

पाटोद्याला एका घरात बाईनं जीव दिला. मग ते घर कुणी फुकटबी घेईना. पन लोकांचं काय अडलं? गावाभवती मोकळं रान पडलेलं. आमालाच बोलावलं आन् पलीकडं नवी घरं बांधून घेतली. असं असल्यावर घरांचा भाव चढंल कावून?

*

आमचं धारूर तसं न्हाई. एकीकडं किल्ला, एकीकडं दरी, भिंत घालायची कुठं? माझा जोडीदार कासीमभाई किरायानं खोली बघायला गेलता. मालकानं गोठा दाखवला. कासीमभाई म्हणला, निदान खुंटा तरी उपटा.

मालक म्हणला, "ऱ्हाऊ दे. तू गेलास तर बैल परत आणायचाय."

कासीमभाई अजून त्या खुंट्यालाच टोपी अडकवतो.

*

एकदा रेल्वेचा सायेब आमच्या गल्लीत उभा राहून पानी पिला. झालं! रेल्वे येनार म्हणून सांजंपर्यंत सगळ्या घरांचा भाव चढला. आमी किरायदार, आमची झोपच उडाली. मागून कळलं, सायेब परळीची वाट इचारत होता. भाव मातर उतरला न्हाई.

*

मग आमच्याच घराला गिऱ्हाईक आलं. धान्याचा आडत्या, लई बडा मानूस. घर गेलं तर लेकरंबाळं घेऊन मी दरीत उतरू का काय? तेवढ्यात मला पाटोदा आठवलं. बायको पान्याला गेलती, ते बघून मी आडत्याला आत नेलं आन् सांगितलं, शेटजी, या घरात एक बाई दिसती, पांढऱ्या लुगड्यातली. खरं वाटावं म्हणून कोपराबी दाखवला.

आडत्यानं सगळं शांतपनं ऐकून घेतलं. मग इचारलं, "किती खोल्यांत दिसती?"

"एकाच," मी म्हणलं.

"मग ती तुमी ठेवा. बाकीच्या मला."

आता आमी सगळे त्या एका खोलीत ऱ्हातो. बाई मीच रचली, बायकोलाबी ते ठाऊक हाय. तरी दिवा लावायच्या वक्ताला दोघांच्याबी अंगावर काटा येतो. आन् अंथरूण टाकताना बायको रोज हळूच इचारती, "तुमी कोनता कोपरा दावलता वो?"