वरचा खण

तुमच्या माणसाचा श्वास बंद पडला, तर तोंडावर धरून दाबायचा फुगा वॉर्डातल्या ट्रॉलीच्या कोणत्या खणात असतो, सांगा बघू? नाही ना माहीत? आम्हाला कसं माहीत असणार, म्हणाल. बरं. मग ज्यांना माहीत असायला हवं त्यांना तरी माहीत आहे का, हे विचारायला तुमची जीभ कधी वळली?

मावशीला माहीत होतं. अकरा वर्षं तिने ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात फरशी पुसली, बेडपॅन उचलले, ती ट्रॉली स्वतःच्या हाताने लावली. मग हॉस्पिटलात बाहुला आला. माणसाएवढा, रबरी कातडीचा, छाती वरखाली होणारा. काचेमागे बसून शिकवणाऱ्या सरांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की त्याची नाडी बंद पडायची आणि शिकाऊ नर्स धावत येऊन त्याला जिवंत करायच्या. पोरींनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबांची देखभाल करायला मावशीला वॉर्डातून उचलून तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं.

"दिवसातून सहा वेळा मरतो मेला, आणि चहाच्या वेळेला ठणठणीत!" ती घरी सांगायची.

घरी म्हणजे धाकट्या बहिणीला. दोन खोल्या, दोघी बहिणी. नवरे दोघींनाही होते. एकीचा वारला, एकीचा पळाला.

"ताई, शेवटी तुला हवा तसा पुरुष मिळाला बघ," धाकटी म्हणायची. "उलटून बोलत नाही."

"आणि घोरतही नाही तुझ्यासारखा!"

आजोबांच्या खोलीतही एक ट्रॉली होती, वॉर्डातल्यासारखीच. फुगा सगळ्यात खालच्या खणात. पोरी वाकायच्या, खण अडकायचा, सेकंद जायचे. मावशीला बघवेना. एके दिवशी तिने कुणाला न विचारता फुगा वरच्या खणात, हाताशी आणून ठेवला. भिंतीवर सर वेळ लिहायचे, ती पन्नास सेकंदांवरून पंधरावर आली. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "हा मावशींचा खण!" चौथी नापास बाईने नर्सांचे सेकंद वाचवले! मावशी आठ दिवस जमिनीवर चालत नव्हती. चार तुकड्या त्या खणावर शिकून बाहेर पडल्या. खाली वॉर्डात जाऊन तिथली ट्रॉली तशीच लावावी, हे ना सरांना सुचलं, ना मोठ्या सिस्टरला, ना तिला. बाहुला वर, माणसं खाली. मधल्या दोन मजल्यांचे जिने उतरायचे कोणी?

मग धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साधं. मावशीच्याच जुन्या वॉर्डात, खिडकीजवळचा बेड. दुसऱ्या दिवशी दुपारी दुखायला लागलं म्हणून इंजेक्शन दिलं, तिला झोप लागली. मावशी शेजारी बसून मोसंबं सोलत होती. अर्धं सोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की धाकटी घोरत नाहीये.

तिने हाक मारली. चष्मेवाली नर्स धावत आली. ही मावशीच्याच हाताखालून गेलेली पोर, आजोबांना सगळ्यात जास्त वेळा वाचवणारी. तिने मान मागे केली, हनुवटी उचलली, सगळं शिकवल्यासारखं. "नातेवाईक बाहेर!" म्हणत कोणीतरी मावशीला पडद्याबाहेर ढकललं. फटीतून तिला ट्रॉली दिसत होती. चष्मेवालीने वरचा खण ओढला. बँडेजच्या गुंडाळ्या. तिचा हात थबकला, खालच्या खणाकडे वळला.

आणि मावशी ओरडली, "वरचा! अगं, वरचा खण!"

पोरीने तो आवाज ओळखला. त्या आवाजावर ती शिकली होती. ती पुन्हा वरच्याच खणात शिरली. बँडेज जमिनीवर, कात्र्या जमिनीवर. फुगा होता खालच्या खणात, मावशीने स्वतः वर्षानुवर्षं ठेवला होता तिथेच.

तो मिळाला तेव्हा फार उशीर झाला होता.

नंतर चौकशी बसली. चष्मेवालीचा हलगर्जीपणा, असं कागदावर लिहूनही झालं होतं. पोर खाली मान घालून बसली होती. आवाज कोणाचा होता हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. मावशी दार ढकलून आत गेली.

"तिला काही बोलायचं नाही. खण मी बदलला. ओरडलेही मीच."

"मावशी, तुम्ही दुःखात आहात," मोठे डॉक्टर म्हणाले. "कदाचित तशीही वाचली नसती."

"कदाचित! ते कदाचित घेऊन मी घरी कशी जाऊ, साहेब? तो बाहुला खाली आणा. वॉर्डात, वॉर्डातल्या ट्रॉलीवर शिकवा पोरींना."

"पेशंट घाबरतील."

"घाबरू देत. माझी बहीण घाबरायलासुद्धा उरली नाही."

पोरीच्या नावावरचा शेरा काढायला महिना लागला, बाहुला खाली यायला सहा. आता दर गुरुवारी मावशी आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टने आणते आणि जो बेड रिकामा असेल त्यावर झोपवते. परवा खिडकीजवळचा रिकामा होता. तिने चादर नीट केली, उशी ठोकली. सरांनी बटण दाबलं. चष्मेवालीने खालचा खण ओढला, फुगा लावला, रबरी छाती वर आली.

"अकरा सेकंद! वाचले आजोबा!" सर म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने त्या छातीवर हात ठेवला आणि ती वरखाली होत होती तोवर तो उचलला नाही. मग आजोबांचा शर्ट खाली ओढला, बटणं लावली. दोन खोल्यांच्या त्या घरात आता कोणी घोरत नाही, म्हणून तिला झोप लागत नाही.

तुमचं माणूस ज्या बेडवर आहे, त्या वॉर्डात जा. ती ट्रॉली तुमच्यासमोर उघडायला सांगा. फुगा कोणत्या खणात आहे ते डोळ्यांनी बघा, आणि पोरींचा सराव ह्याच ट्रॉलीवर होतो का, ते विचारा. चिडतील. चिडू द्या. उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.