सलग तीन महिने

अल्का मेश्रामचं पहिलं प्रमाणपत्र तिच्या आईने प्लॅस्टिकमध्ये घालून बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. शिवणकामाचं सरकारी प्रशिक्षण, खाली गोल शिक्का. त्या वर्गातल्या एकाही मुलीला काम लागलं नाही. कागदोपत्री मात्र सगळ्या कामाला लागल्या होत्या. कुठल्याशा कारखान्याच्या हजेरीत अल्काचंही नाव होतं, आणि अल्का घरी आईसोबत विड्या वळत होती. पुढे आई गेली. प्लॅस्टिक भिंतीवर पिवळं पडत राहिलं. अल्काने ते काढलं नाही. राग जपायलाही एक खुंटी लागते.

म्हणून तिरोड्याच्या प्रशिक्षण केंद्रात ती स्वतः शिकवू लागली, तेव्हा तिचा वर्ग कडक होता. शिवण वाकडी गेली की उसवायला लावायची. मुली मागून नावं ठेवायच्या आणि सणाला घरचं पहिलं ताट तिलाच आणून द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी गोंदियाला बैठक झाली. केंद्रांचं काम कसं जोखायचं, त्याचे निकष ठरवायचे होते. कुणी म्हणालं, परीक्षेत किती पास झाले ते बघा. कुणी म्हणालं, अंगठ्याची हजेरी बघा. मागच्या रांगेतून अल्का उठली.

"पास झालेल्या मोजू नका, साहेब. तीन महिने सलग कामावर टिकलेल्या मोजा. आणि कारखान्याला विचारू नका. पोरीला फोन करून विचारा."

साहेबांनी लिहून घेतलं. आणखीही कुणी कुठे तेच सुचवलं असेल, पण नवे निकष आले त्यात ही अट होती: दहातल्या सात जणी तीन महिने टिकल्या पाहिजेत, नाहीतर केंद्राची मान्यता जाईल. त्या दिवशी अल्काने केंद्रात जिलबी वाटली. घरी बसलेल्या मुली कामाला लागल्याचं सोंग आता कुणाला करता येणार नव्हतं.

चूक कुठे झाली, ते तिला या जुलैत कळलं.

उन्हाळ्यात शिकून निघालेल्या मुली नागपूरच्या पुढे एका कपड्याच्या कारखान्यात लागल्या होत्या. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी नहराला सुटलं, धानाच्या बांध्या भरल्या, आणि मुली एकेक करून गावी परतल्या. रोवणीला घरी येणं म्हणजे काम सोडणं, असं इकडे कुणालाच वाटत नाही. वीटभट्टीवरचा येतो, शहरात मिस्त्रीच्या हाताखाली असलेला येतो. मुकादमही ते धरून चालतो. धान रोवून झालं की माणूस आपल्या जागी जातो, आणि जागा असते. अल्काला हे जन्मापासून ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं, की बैठकीत ते बोलावं लागेल असं तिच्या मनात आलं नाही. आपल्या घराचं दार कुठे आहे, हे कुणी कुणाला सांगत नाही.

केंद्र आता अगदी काठावर होतं. दामिनी एकटी टिकली असती तर अट पुरी होत होती. आणि दामिनीही गावी आली होती.

"टेन्शन नका घेऊ, मॅडम," केंद्राचे व्यवस्थापक चंद्रशेखर म्हणाले. "आज सकाळपासून तपासणीचे फोन सुरू झालेत. दामिनीला एवढंच सांगा, 'कामावर आहे' बोल. बस. कारखान्याचं मी बघतो."

"आणि खरं काय ते?"

"खऱ्याला काय चाटायचंय? केंद्र बंद झालं की तुम्ही पण घरी, मी पण घरी. ही अट मागितली कोणी होती? तुम्हीच ना?"

अल्काने बस पकडली. दामिनीचं गाव येईपर्यंत 'कामावर आहे' बोल, हे एक वाक्य ती मनात घोळवत होती.

बांधीत बाया धानाची रोपं लावत ओळीने वाकल्या होत्या. दामिनीची आई सुमित्राबाई सगळ्यांत पुढे.

"या मॅडम, या! चप्पल काढा आन उतरा. पऱ्हे लय आहेत, हात कमी आहेत."

बाया हसल्या. दामिनी पाठ सरळ करून उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलात.

"तू काऊन आली गं?" अल्काने विचारलं.

"रोवन्याले आली, मॅडम."

"काम सोडलं?"

"कायले सोडू? माही बॅग तं खोलीवरच आहे."

"कारखान्यात तसं चालत नाही, दामिनी."

"मंग कसं चालते?" सुमित्राबाई मधेच बोलली. "आमी दुसऱ्याच्या बांधीत गेलो नाई, तं आमच्या बांधीत कोन येईल? एकटी रोवू का मी? पाठवा तुमच्या साहेबाले. एक दिवस वाकून पाहू द्या."

अल्का बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली. "आज तुला फोन येईल. कामावर आहे का, म्हणून विचारतील."

"काय सांगू? तुमी म्हणान ते सांगतो."

वाक्य ओठावर होतं. तेवढ्यात धुऱ्यावरच्या शिदोरीच्या थैलीत फोन वाजला. दामिनीने हात दाखवले. अल्कानेच फोन काढला, स्पीकर लावला आणि तिच्या कानाशी धरला.

पलीकडून गोड, धुतल्यासारखी मराठी आली. "दामिनीताई, आपण सध्या कारखान्यात कामाला आहात ना?"

दामिनीने अल्काकडे पाहिलं. अल्काला फक्त मान हलवायची होती. नाहीतर अंगठा जरा सरकवून फोन तोडायचा होता. तिच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं पिवळं प्लॅस्टिक आलं. तिने बांधीतल्या पाण्याकडे नजर वळवली.

दामिनी म्हणाली, "गावाले आली आहो. रोवना चालू आहे. संपला का जातो."

"म्हणजे सध्या आपण काम करत नाही."

"हे काम नाई तं काय आहे वं?" सुमित्राबाई ओरडली. पण तोवर पलीकडच्या बाईने धन्यवाद म्हणून फोन ठेवला होता.

पोळ्याच्या सुमारास मान्यता गेल्याचं कळलं. मशिनी टेम्पोत चढल्या. चंद्रशेखरांना दुसऱ्या केंद्रात जागा मिळाली. जाता जाता ते म्हणाले, "तिथे शेतीवाल्या घरची पोरगी घेतच नाहीत. लग्न झालेली तर नाहीच. अट पुरी व्हायला पाहिजे, मॅडम." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अल्काला तो असता तर बरं वाटलं असतं.

रोवणी आटोपून दामिनी कारखान्यात गेली. तिची जागा भरली होती. फाटकावरून ती खोलीवर गेली, बॅग उचलली, आणि तिरोड्याला उतरून थेट अल्काच्या घरी आली. अल्का ब्लाऊजला हुक लावत होती.

"मॅडम, मी कामावर आहो म्हनली असती, तं केंद्र राहिलं असतं ना?"

"राहिलं असतं."

"मी तं तुमच्याकडंच पाहून राहिली होती."

"माहीत आहे मला."

दामिनीने बॅगेतून कारखान्याचा निळा अॅप्रन काढला, कात्री काढली, आणि तळातून कोरं करकरीत प्रमाणपत्र.

"आमच्या घरी उंदीर आहेत," ती म्हणाली. "इथं ठेवता का?"

अल्काने ते घेतलं. भिंतीवर तसबिरीच्या दुसऱ्या बाजूला जागा होती. तिने ते मशीनच्या खणात ठेवलं, खण लावला, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.