टाकीत घातलेला हात

चांगुणाबाई खिल्लारेशी माझं कधी पटलं नाही. आरोग्य खात्याच्या जीपवर मी ड्रायव्हर, ती पाण्याचे नमुने गोळा करणारी, म्हणून हिंगोलीपासून जवळा बाजारपर्यंत आम्हाला एकत्र फिरावं लागायचं. नवरा नोकरीत असताना वारला, त्याच्या जागेवर ती लागली होती. तोंड असं, की गिअर जरा कुरकुरला तरी म्हणायची, "गोपीचंद, जीप हाये, बैल न्हाई. शेपूट पिरगाळू नको." आमच्या तांड्याच्या बापजाद्यांनी बैलांवर माल वाहिला, हे तिला ठाऊक होतं आणि ते ती मला विसरू देत नसे.

तरी तिची गोष्ट सांगायला बसलो ती माझ्या पुतणीपायी.

जवळा बाजारच्या पलीकडे एका गावात मुलींची निवासी शाळा होती. गावाचं नाव घेत नाही, घेतलं तर माझं तोंड कडू होतं. ऊसतोडीला जाणारे आईबाप दिवाळीनंतर आपल्या लेकी तिथं ठेवायचे. माझा भाऊ थावरा यानेही मिनाला तिथं ठेवलं होतं. दुमजली इमारत, बाहेरून गुलाबी रंग, गच्चीवर सिमेंटची टाकी. सगळ्या पोरी त्या टाकीचं पाणी प्यायच्या. शाळेचे सेक्रेटरी मात्र पीत नसत. त्यांच्या टेबलावर घरून आणलेला फिरकीचा तांब्या असे.

त्या टाकीचा नमुना प्रयोगशाळेतून दर वेळी "पिण्यास अयोग्य" म्हणून परत यायचा. पाण्यात मैल्याचे जंतू. मग ऑफिसातून नोटीस जायची, शाळेकडून "टाकी स्वच्छ केली आहे" असं उत्तर यायचं, आणि पुढचा नमुना पुन्हा अयोग्य. पोरींची हगवण काही थांबत नव्हती. नोटीस काढणारा खुश, उत्तर देणारा खुश. असल्या कारभाराला माझ्या तांड्यात शिव्या आहेत, पण त्या इथं लिहिता येत नाहीत.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात एकदा चांगुणाबाई खालच्या नळाचा नमुना घेऊन थांबली नाही. सरळ गच्चीवर चढली. मी पेटी घेऊन मागे. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, टाकीचं झाकण सरकवलं, निर्जंतुक बाटलीचा कागद काढला आणि बाटली बुडाशी धरून हात पाण्यात खोल घातला. तेवढ्यात स्वयंपाकीण रुख्मिणीबाई वाळवण उचलायला वर आली. तिनं कपाळावर हात मारला आणि कठड्यावरून खाली ओरडली, "अवं सेक्रेटरीसाहेब! खिल्लारेच्या बाईनं टाकीत हात घातला!"

खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "कोणाला इचारून चढली ती?"

"जंतूला इचारून," चांगुणाबाई म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं.

आम्ही फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच गच्चीच्या पन्हाळीतून धो धो पाणी पडायला लागलं. टाकी ओतत होते. बाईचा हात लागला म्हणून भरलेली टाकी ओतत होते! माझं डोकं फिरलं. जीप थांबवली. "चांगुणाबाई, केस करा. ॲट्रॉसिटीचा कायदा हाये. मी साक्ष देतो."

ती पन्हाळीकडे बघत बसली होती. "थांब," ती म्हणाली. "वाहू दे."

पुढच्या महिन्यात त्या टाकीचा नमुना पहिल्यांदा "योग्य" आला. आम्ही गेलो तेव्हा मिना धावत जीपपाशी आली. "काका, तुमी येऊन गेले अन् आमची टाकी धुतली. विटेच्या भुक्क्यानं घासली, पावडर टाकली. तुमी रोज काहून येत न्हाई?"

चांगुणाबाईनं पदर खोचला, गच्चीवर गेली आणि गरज नसताना दोन्ही हात टाकीत घातले. शिवाय रुख्मिणीबाईला हाक मारून ते दाखवले. नोटिशीनं जे होत नव्हतं ते तिच्या हातानं व्हायला लागलं. दर महिन्याला ती हात घालायची, दर महिन्याला ते शिव्या देत टाकी घासायचे, आणि पोरींची पोटं बरी राहायची. मला ते बघवत नसे. एकदा मी चिडून म्हणालो, "असा अपमान करून घ्यायचा का दर महिन्याला?"

"अपमान माझा हाये ना? त्याला कोणत्या कामाला लावायचं ते मी ठरवीन. तू गाडी हाक."

दुसऱ्या हिवाळ्यात कुणा वकिलानं सेक्रेटरींच्या कानात सांगितलं, की टाकी ओतण्याचं कारण बाहेर गेलं तर जेलात जाल. माणूस हुशार. पुढच्या वेळी फाटकातच हात जोडून उभा. "या ताई. खुशाल घाला हात. आमच्याकडं भेदभाव न्हाई. आता टाकी ओतत नसतो आमी." तिला कपबशीत चहासुद्धा दिला. तिनं तो गार होऊ दिला. ती गच्चीवर गेली, हात घातला, खाली आली. पन्हाळ कोरडीच राहिली. भेदभाव गेला आणि टाकीत पुन्हा शेवाळ धरलं. असली सुधारणा चुलीत घाला!

नमुने अयोग्य यायला लागले. नोटीस, उत्तर, नोटीस, उत्तर. फेब्रुवारीत मिनाला मुदतीचा ताप, टायफॉइड भरला, तिच्यासोबत आणखी तीन पोरींना. थावरा ऊस तसाच टाकून आला. हिंगोलीच्या दवाखान्यात मिना एवढीशी होऊन पडली होती, डोळे खोल गेलेले. चांगुणाबाई घरून उकळलेलं पाणी घेऊन आली आणि चमच्यानं तिला पाजायला लागली. मिनानं विचारलं, "मावशी, टाकी धुतली का?"

बाईचा चमचा थांबला. "उद्या धुतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आजारी पोरींचे आईबाप जमले होते. वैद्यकीय अधिकारी आले होते, "कडक नोटीस काढतो" म्हणत होते. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते, "पाणी एकदम बराबर हाये. पोरी बाहेरचं चिंचा-बोरं खातात, त्याची तकलीफ."

चांगुणाबाई कुणाशी न बोलता गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात शाळेचाच स्टीलचा पेला होता, टाकीतून बुडवून भरलेला. हातावरून पाणी निथळत होतं. पेला तिनं सेक्रेटरींपुढं धरला.

"पाणी बराबर हाये म्हणता. भेदभाव न्हाई म्हणता. मंग घ्या, माझ्या हातचं प्या."

सेक्रेटरी पेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी... मी घरचंच पाणी पितो. पोटाचा त्रास हाये मला."

"माझी लेक पिली हे पाणी," थावरा म्हणाला. त्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता नव्हता, पण सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. चांगुणाबाईचा हात तसाच पुढे. पेला हलत नव्हता.

सेक्रेटरींचा हात एकदा वर उठला, पेल्यापर्यंत आला आणि परत गेला. मग ते एकदम गरजले, "रुख्मिणीबाई! ओता ती टाकी! घासा चांगली!"

पन्हाळ वाहायला लागली. हिरवं पाणी, मग गाळ, मग कबुतराची सडकी पिसं. आईबाप बघत होते. बायकांनी तोंडाला पदर लावला. एक जण सेक्रेटरींच्या अंगावर धावला, त्याला मी धरलं. कशाला धरलं देव जाणे.

टाकी घासून, भरून, पावडर टाकून होईपर्यंत चांगुणाबाई उन्हात गच्चीवरच उभी राहिली. खाली आली तेव्हा तिचे ओठ सुकले होते. रुख्मिणीबाईला म्हणाली, "बाई, पाणी दे."

रुख्मिणीबाईनं नव्या पाण्याचा तांब्या आणला. पेला होता, तो दिला नाही. लांब उभी राहून तांब्या वर धरला आणि म्हणाली, "ओंजळ कर."

चांगुणाबाईनं ओंजळ केली. पाणी पडायला लागलं. ती प्यायली नाही. त्या पाण्यानं तिनं कोपरापर्यंत हात धुतले, चोळचोळून, तांब्या रिकामा होईस्तोवर.

"चल गोपीचंद," ती म्हणाली. "यांच्या टाकीत घालून घालून माझेच हात बाटले."

जीपमध्ये मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. तिनं तोंड लावून अर्धी बाटली संपवली. उरलेली मी प्यालो.