मोरूप मेमेंनी लूवर घातलेला आळ

लाख दंडवत पुरे झाले त्या सकाळी गावचे आजोबा मोरूप मेमे गोन्पातल्या, म्हणजे मठातल्या, विद्वान भिक्षू गेशेंपुढे, जावई पहिल्यांदा सासरी बसावा तसे ऐटीत बसले. लाकडी फळीवर चार हिवाळे सरपटून गुडघ्यांना घट्टे पडले होते आणि ते निम्म्या गावाला दाखवूनही झाले होते. पाप काय होतं, ते मात्र कुणालाच दाखवलं नव्हतं.

आता सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी गावातल्या पाण्याच्या पाळ्या मेमेंकडे होत्या. त्यांनी शेजारच्या कुन्झेसच्या पाटाचं तोंड तीन दिवस ढेकळांनी बुजवलं आणि पाणी आपल्या जवात घेतलं. तिचं जव वाळलं. ती विचारायला आली तेव्हा हे म्हणाले, "झऱ्यावर लोण्याची भांडी विसळतेस, लू रागावलाय." पाण्यात राहणाऱ्या नागदेवतेपुढे, लूपुढे, माणूस काय बोलणार?

गेशेंनी बोटांवर मोजलं. "पश्चात्ताप आहे. बुद्धाला शरण गेलात. उपाय म्हणून दंडवत घातलेत. चौथं, पुन्हा करणार नाही हा निश्चय."

"पुन्हा कुठलं? पाळ्या आता दुसरे बघतात."

"आणि कुन्झेस?"

"दर पौर्णिमेला झऱ्याला दूध वाहते. पाणी मात्र लूच्या भीतीनं खालच्या ओढ्यावरून आणते."

"मग हे पाप बावीस वर्षांपूर्वीचं कुठे, मेमे? गेल्या पौर्णिमेचं आहे."

मेमेंची ऐट उतरली. "आणखी एक लाख घालू का?" त्यांनी आशेनं विचारलं.

"घाला. आधी तिच्याकडे जाऊन या."

म्हातारपणी शेजार तुटला तर बोलायचं कुणाशी, या धास्तीनं मेमे वाटेत तीनदा बसले. पण गेले. कुन्झेस छतावर जर्दाळू वाळत घालत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातला जर्दाळू उलटून ठेवला. "बावीस वर्षं घागर घेऊन तो चढ चढले, आचो."

"हो, नोमो." ती त्यांना थोरला भाऊ म्हणून आचो म्हणे, ते तिला धाकटी बहीण म्हणून नोमो.

"आणि तुझ्या गुडघ्यांना तेल पाठवत होते."

"तेल चांगलं होतं."

"माझं मी हिवाळ्यात बघेन, तेव्हा भांडायला वेळ असतो. पण चोरी तू केलीस आणि नाव लूचं घेतलंस. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?"

मेमे गार पडले. लाख दंडवतांत हे एकदाही सुचलं नव्हतं.

लूची माफी मागायला झऱ्यावर न्यायचं दूध तिनं दिलं नाही. "तुझ्या गाईचं आण," म्हणाली. भर दुपारी, गवत कापणाऱ्या बायकांदेखत, मेमे झऱ्यावर वाकले आणि पुटपुटले.

"मोठ्यानं," मागून कुन्झेस म्हणाली. "तो पाण्याखाली राहतो."

"ढेकळं मी घातली," मेमे मोठ्यानं म्हणाले. "जव मी वाळवलं. लूचा काही दोष नाही. पुन्हा कुणावर आळ घालणार नाही."

विळे थांबले. कुणीतरी हसलं. मेमेंना वाटलं होतं तितकं ते लागलं नाही.

कुन्झेसनं घागर झऱ्यात बुडवली आणि भरलेली त्यांच्याच पाठीवर दिली. "आता बावीस वर्षं तू आणायचं."

"मी त्र्याहत्तरचा आहे, नोमो."

"म्हणून तर आजपासून."